पवळीची बोली

त्या राज्यात कोंबड्यांची सत्ता होती, आणि खाडीपलीकडच्या बदकांशी त्यांचे युद्ध सुरू झाले होते. लढाई फार दूर होती. तरीही ज्यांच्या बोटांत पडदे आहेत, त्यांनी माळावरच्या कुंपणात राहायला यावे, अशी दवंडी गावोगाव पिटली गेली.

पवळीच्या बोटांत पडदे होते. तिचे अंडे पुरात वाहत आलेले. तानी कोंबडीने ते आपल्या अंड्यांत घेऊन उबवले. पवळी तानीच्या मागे उकिरडे उकरत मोठी झाली. पोहणे तिला माहीत नव्हते. बोलायचीही कोंबड्यांसारखेच.

"ही माझी आहे," तानी तिला न्यायला आलेल्या शिपायांना म्हणाली.

"असेल, तानीबाई," त्यांतला एक म्हणाला. "आम्हाला पाय बघायला सांगितलंय."

कुंपणात प्यायला घोटभर पाणी मिळे, त्याहून जास्त नाही. सकाळी हजेरी, मग कोंडा, मग दिवसभर ऊन. बदके कोरड्या मातीत पोहल्यासारखे अंग घासत आणि आपापसांत हळू बोलत. पवळीला त्यातले अक्षर कळत नसे. ती जवळ गेली की बोलणे थांबे. पहारेकऱ्यांची बोली बोलते, तेव्हा ही त्यांचीच हेर असणार, असे सगळ्यांना वाटे. सारी एकमेकांना चिकटून निजत. पवळी काटेरी तारेशी एकटी.

उन्हाळा चढला तशी पिलांची पिसे झडू लागली. एका सकाळी हजेरीतच एका पिलाने मान टाकली. त्याची आई मातीत बुडी मारल्यासारखी मान खुपसून विनवत होती, पण पहाऱ्यावरच्या भिवा कोंबड्याला तो नुसता कलकलाट वाटत होता. पवळी पुढे झाली.

"भिवामामा, पिलाला पाणी हवंय. पिण्यापुरतं नाही, अंग बुडेल एवढं."

भिवा चपापला. हेल त्याच्याच गावचा होता.

"कुणाची गं तू?"

"तानीची."

भिवाने इकडेतिकडे पाहिले. "इथे मला ओळख दाखवू नकोस," तो म्हणाला. पण दुपारी त्याने पाण्याने भरलेले घमेले आत सरकवले.

पिलू वाचले. भिवाची मात्र बदली झाली, आणि घमेलेही गेले. त्या संध्याकाळी डोहाई नावाच्या म्हाताऱ्या बदकिणीने अंग चोरून पवळीला शेजारी जागा करून दिली. मग ती तिला शब्द शिकवू लागली. पाणी. पिलू. ये. माझं. पवळी ते घोळवत राही. तिचे उच्चार ऐकून पिले हसत. पुढे पुढे हसेनाशी झाली. थंडीत डोहाई गेली, तेव्हा पवळी तिच्यासाठी तिच्याच भाषेत रडली. त्यानंतर रात्री शेजारची जागा रिकामीच राहिली.

युद्ध संपले. कोण जिंकले हे कुंपणात कुणी सांगितले नाही. फाटक उघडले, एवढेच. बदके खाडीच्या वाटेने निघून गेली. पवळीला पोहता येत नव्हते. ती फाटकापाशी उभी राहिली.

दुपार कलताना तानी आली. वाळली होती. तिच्या मागोमाग नवी पिले होती.

"पवळे," तिने हाक मारली, "चल घरी."

पवळी तिच्याकडे धावली. 'आई' म्हणायला तिने चोच उघडली, आणि गळ्यातून लांब, घोगरा, बदकाचा आवाज निघाला.

पिले घाबरून चिवचिवली. तानीचे पंख आपोआप पसरले. सगळी पिले त्यांच्याखाली शिरली, आणि त्यांना पोटाशी झाकून, पवळीवरची नजर न काढता, तानी एकेक पाऊल मागे सरकू लागली.