तुळईखालचा पाट

रुईखेड संस्थानात राजेसाहेबांचा बिल्ला असल्याशिवाय कुणाला घरं बांधायचा धंदा करता येत नसे. मक्तेदार रंगोबाच्या छातीवर तो बिल्ला लखलखत असे. त्यानं भागाई कासारणीचं घर बांधलं, पैसे घेतले आणि हात झटकले. आठवड्यात माजघराची तुळई तडकली.

भागाई दरबारात गेली. "सरकार, लेक बाळंत झालीय. नातीचा पाळणा कुठं टांगू?"

रंगोबा हसला. "लाकूड आहे, तडकायचंच. पडणार थोडंच!"

राजेसाहेब गुरकावले, "आमच्या बिल्ल्याचा माणूस कच्चं काम करत नाही. जा घरी!"

"जाते, सरकार. पण बारशाला आपण आणि रंगोबांनी यायचं हं."

बारशाला दोघं आले. भागाईनं मानाचा पाट नेमका त्या तुळईखाली मांडला होता. राजेसाहेब पाटाकडे निघाले, तोच रंगोबा ओरडला, "सरकार, तिथं नको!" आणि धावत जाऊन त्यानं पाट बाजूला ओढला.



नातीला छातीशी धरून भागाई हळूच म्हणाली, "मीही आपल्याला बसू दिलं नसतं, सरकार. पण जिथं राजाचा पाट चालत नाही, तिथं या लेकराचा पाळणा कसा चालेल?"

राजेसाहेबांनी तुळईकडे पाहिलं, मग बाळाकडे. त्यांनी रंगोबाचा बिल्ला काढून घेतला.

"भागाई, बिल्ला आमचा होता, तेव्हा घरही आम्हीच नीट करून देऊ. तोवर पाळणा आमच्या महालात टांग." मग त्यांनी रंगोबाकडे पाहिलं. "पण आधी आम्ही तिथली तुळई बघून येतो. तीही यानंच बसवलीय."