ओनोरेचा मुलामा

फार वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका कारखान्यात भाता कानशीला सांगत होता, "अगं, सोन्यात पारा कालवून मुलामा चढवतात ना, त्याच्या विषारी धुरानं आपला ओनोरे कारागीर या खेपेला..." तेवढ्यात कुणीतरी भाता दाबला आणि पुढचं राहिलंच.

मेणबत्त्या लावायचं ब्राँझचं नवं शमादान हे ऐकून हादरलं. "बाबा, मला असंच राहू द्या हो!"

"वेड्या, बिनसोन्याचं तुला महालात कोण उभं करेल?" ओनोरे खोकत हसला. त्यानं लेप लावला आणि शमादान निखाऱ्यांवर धरलं.

आठवड्यानं लखलखतं शमादान पेटीत भरायला घेतलं. "कानसबाई, बाबा गेले का हो?" त्यानं विचारलं.

"जातोय कुठला! भात्याला वाढवून सांगायची खोडच आहे," कानस म्हणाली. "हात तेवढे थरथरतात. बायको घास भरवते."