नखाएवढा घास

फार पूर्वी, दोन राजे एका डोंगरासाठी भांडत होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या डोंगरावर धड गवतही उगवत नव्हतं. तरी लढाई पेटली आणि पायथ्याची गावं जळाली. तिथली माणसं हाताला लागेल ते घेऊन नदीकडे धावली. पलीकडच्या नावाड्यांनी त्यांना होड्यांत घेतलं खरं, पण मागून सैनिक दिसताच नदीतल्या एका बेटावर उतरवून दिलं आणि स्वतः पळ काढला. बेटावर नुसती वाळू, दगड आणि चार बाभळी.

नदीच्या अलीकडे पाच गावं होती. त्यांचं कुठल्याच राजाशी वैर नव्हतं आणि सख्यही नव्हतं. बेटावरच्या पोरांचं रडणं वाऱ्याबरोबर घाटावर ऐकू येऊ लागलं, तशा पाचही गावांतल्या बायकांनी कणग्या उघडल्या. कुणी ज्वारी दिली, कुणी डाळ, कुणी गूळ, कुणी घरातल्या घोंगड्या. दुपारपर्यंत पाच गावांच्या पाच होड्या भरून घाटावर उभ्या राहिल्या.

आणि तिथंच उभ्या राहिल्या.

कारण त्या काठाची एक रीत होती. चांगल्या कामाला होड्या निघाल्या की आधी घाटावर नारळ फोडायचा. ज्या गावाकडे नारळाचा मान, त्या गावाची होडी सगळ्यांत पुढे. आता हा मान कुणाचा, यावर पाच गावांचे पाच वडीलधारे वडाच्या पारावर बसले.

"देऊळ आमचं सगळ्यांत जुनं. नारळ आम्हीच फोडणार," मोठ्या गावाचा पाटील म्हणाला.

"आणि पोती कुणाची जास्त, ते दिसत नाही वाटतं!"

"आमच्या पणजोबांच्या वेळी मान आमच्याकडं होता."

"आम्हाला तर निरोपच सगळ्यांत शेवटी मिळाला," सगळ्यांत लहान गावाचा कारभारी फुरंगटून बसला होता. "आधी त्याचं काय ते बोला."

मोठ्या गावात एक तरुण होडीवाली राहायची. बाप गेल्यापासून त्याची लहानशी होडी तीच चालवायची. नदीची ओढ तिच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती आणि तिच्याइतकी तिखट जीभही काठावर कुणाची नव्हती. ती पाराजवळ उभी राहून बराच वेळ ऐकत होती. ताटातल्या नारळावर ऊन आलं, मग सावली आली. गुळाच्या ढेपांना मुंग्या लागल्या.

"पाटीलकाका," ती शेवटी म्हणाली, "नारळाला कोंब फुटायची वाट बघताय का?"

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, पोरी."

"मग मोठ्या माणसांनी लवकर आटपावं. तिकडं पोरं रडतायत."

"नारळ फुटल्याशिवाय होडी पाण्यात घातलीस, तर परत या घाटाला लागू देणार नाही. सांगून ठेवतो."

"नका लागू देऊ. बेटाला लावीन."

तिनं घरी जाऊन जेवढ्या होत्या तेवढ्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. शेजारणींनी आणखी थोड्या दिल्या, एकीनं पिठाची पिशवी दिली. ती निघाल्याचं पारावरच्या माणसांना तिची होडी नदीत शिरल्यावरच कळलं.

बेटावर पोचल्यावर तिला वाटलं, माणसं भाकरीवर तुटून पडतील. पण कुणी जागचं हललं नाही. तान्ह्या बाळाला घेतलेली एक बाई पुढं आली. तिनं फडकं उचललं आणि बाभळीखाली बसलेल्या एका थकलेल्या आजोबांपुढं नेऊन ठेवलं. मग सगळी पोरं त्यांच्याकडं बघत गोलाकार बसली.

होडीवालीचं डोकंच फिरलं. इथंसुद्धा मानपान! "अहो, पोरांना द्या ना आधी," ती म्हणाली. "सगळीकडं म्हाताऱ्यांचंच आधी का?"

आजोबा हसले. त्यांनी एका भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला, गिळला आणि बाकीची भाकरी शेजारच्या पोरीच्या हातात दिली. "चला, जेवा रे," ते म्हणाले. तेव्हा कुठं सगळ्यांचे हात पुढं झाले.

"आमच्यात असंच असतं बाई," बाळवाल्या बाईनं सांगितलं. "सगळ्यांत वडील माणसानं पहिला घास घ्यायचा. तो घेईपर्यंत कुणी जेवत नाही. आणि पहिला घास सगळ्यांत लहान घ्यायचा, म्हणजे मागच्यांना पुरतं."

आजोबांनी नंतर भाकरीला हात लावलाच नाही. त्यांच्या अंगावर नुसता सदरा होता. त्यांची चादर बाळाभोवती गुंडाळली होती आणि नदीवरचा वारा अंगाला झोंबत होता.

"आजोबा, उद्या तुम्हाला घोंगडी आणते," ती म्हणाली. "काळी, जाड. खूप आहेत आमच्याकडं."

"ये बाळ. वाट बघतो," ते म्हणाले.

ती परत आली तेव्हा पारावर नुसता गोंधळ चालला होता. तिला वाटलं, आता आपल्याला बोल लावतील. पण पाटील तिला बघून एकदम खुलला.

"ही बघा! आमच्या गावची होडी पहिली जाऊन आली. म्हणजे मान आमचाच झाला की नाही?"

"ती खेप धरायची नाही! नारळ कुठं फुटला होता?"

"पोरीला मुद्दाम पाठवलंत तुम्ही. आम्हाला कळत नाही होय!"

"काका, मला कुणी पाठवलेलं नाही," ती ओरडली. "तिथं एक म्हातारा माणूस सदऱ्यावर कुडकुडतोय. एक घोंगडी द्या मला, मी चालले परत. मान ठेवा तुमच्यापाशीच!"

तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. भांडण इतकं वाढलं की शेवटी फक्त एका गोष्टीवर पाचही जणांचं एकमत झालं. निकाल लागेपर्यंत कुणाचीच होडी जाणार नाही. त्यांनी तिच्या होडीची वल्ही काढून चावडीत कुलूपबंद केली.

दुसरा दिवस सगळा बोलण्यात गेला. होडीवाली घाटाच्या पायरीवर घरची घोंगडी मांडीवर घेऊन बसून राहिली. समोर बेट दिसत होतं. बाभळी दिसत होत्या. खालची माणसं तेवढी दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोडगा निघाला. नारळाला पाच जणांनी एकदम हात लावायचा आणि पाचही होड्या एका ओळीत निघायच्या. ढोलताशे आणले. फेटे बांधले. नारळ फुटला. पाटलाची होडी जड होती आणि ओढ सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या होडीची वल्ही होडीवालीच्या हाती दिली. ती पाटलाला घेऊन निघाली.

ढोल वाजत होते, तरी बेटावर कुणी उठून उभं राहिलं नाही. होडी वाळूला लागताच तिनं बाभळीकडं पाहिलं. बाभळीखाली कुणी नव्हतं. पलीकडं नुकत्याच रचलेल्या दगडांची एक लांबट रास होती.

ढोल आपोआप थांबले.

बाळवाली बाई समोर आली. तिच्या हातात पळसाचं पान होतं आणि पानावर एक भाकरी. "या पोरीनं दिलेल्या पिठातली ही शेवटची," ती पाटलाला म्हणाली. "आमचे आजोबा काल गेले. आमच्या घरोघरची वडील माणसं वाटेतच राहिली, पहिला घास घेण्याएवढं वडील आमच्यात कुणी उरलं नाही. इथं आता सगळ्यांत वडील तुम्हीच दिसता. पहिला घास तुम्ही घ्या, म्हणजे पोरांना खाता येईल. कालपासून थांबलीत."

पाटलानं तिच्याकडं पाहिलं. मग गोलात बसलेल्या पोरांकडं. आयुष्यभर त्याचं ताट आधी वाढलं गेलं होतं, आणि सगळ्यांत जास्त वाढलं गेलं होतं. होडीवालीच्या जिभेवर शब्द तयार होते, 'घ्या ना काका, मान हवा होता ना? घ्या.' दोन रात्री तिनं असले शब्द परजून ठेवले होते. पण त्यानं हात आधी धोतराला पुसला आणि मगच पुढं केला, ते पाहून तिनं ते शब्द बाजूला ठेवले.

"किती घ्यायचा असतो?" त्यानं होडीवालीला हळूच विचारलं.

"नखाएवढा."

त्यानं त्याहूनही लहान तुकडा मोडला. तो तोंडात घातला. सगळी पोरं त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तो गिळत नाही तोवर त्यांना खाता येणार नव्हतं. त्याला तो गिळावाच लागला.

"जेवा रे," तो म्हणाला. उरलेली भाकरी त्यानं जवळच्या पोराच्या हातात दिली.

होडीवाली घोंगडी घेऊन दगडांच्या राशीपाशी गेली. ती तिथं अंथरावी असं तिला वाटलं होतं. मग तिला आठवलं, आजोबांच्या हातात घोंगडी आली असती तर ती कुणाच्या अंगावर गेली असती. ती परत फिरली आणि तिनं घोंगडी बाळाच्या आईच्या खांद्यावर टाकली.

मागं, होड्यांपाशी कुणीतरी विचारत होतं, "आधी कुणाच्या गावची पोती उतरवायची?"

पाटलानं फेटा काढून वाळूवर ठेवला आणि गुडघाभर पाण्यात शिरला. "जे हाताशी येईल ते," तो म्हणाला, आणि पहिलं पोतं त्यानं स्वतःच्या पाठीवर घेतलं. ते लहान गावाचं होतं.

"काका, भरभर," होडीवाली म्हणाली. "अजून चार होड्या आहेत."

"होय गं पोरी," पाटील म्हणाला.

त्यानंतर त्या काठावर नारळ फुटायचा थांबला नाही. मात्र तो शेवटची होडी रिकामी झाल्यावर फुटू लागला, आणि तोही जिथं मदत पोचली त्या काठावर. खोबरं तिथल्या पोरांना वाटायचं आणि उरलं तर आपण खायचं, अशी रीत पडली.

तात्पर्य: संकटातल्या माणसाकडं आपला मान मिरवत जाऊ नये, कारण मान ठरेपर्यंत तो माणूस राहत नाही; वडीलपणाचा खरा मान सगळ्यांत लहान घास घेण्यात आणि सगळ्यांत आधी धावून जाण्यात असतो.