बरगड्यांचा पाळणा

एका राज्यात राजवाड्याचे हजार दिवे देवमाशाच्या चरबीवर जळत. त्या राज्यात धाकू तांडेल नावाचा भालाईत होता. शिकारीची त्याची रीत वाडवडिलांची: आधी देवमाशाचं वासरू, मग आई. वासराला भाला लागला की आई त्याला सोडून जात नाही, आयतीच हाती लागते. शिवाय पहिल्या वासराच्या बरगड्यांचा पाळणा करायचा, त्यात आपलं पहिलं मूल निजवायचं. शुभ असतं म्हणे! कोणाचं शुभ, ते कोणी विचारलं नाही.

धाकूच्या पहिल्या शिकारीत वासरू मेलं, पण आई पाठीत भाला घेऊन निसटली. सात वर्षं ती हाका मारत समुद्रात फिरली. आठव्या वर्षी एका सकाळी तिची हाक थांबली. त्याच सकाळी राज्यातली सगळी तान्ही मुलं श्वासावाचून निपचित पडली. मेली नव्हती, जगतही नव्हती. त्यांत धाकूची लेक पोवळी होती आणि राजाचा युवराजही होता.

तिसऱ्या दिवशी एक कुरव, समुद्रावरचा पक्षी, धाकूच्या दारात उतरला नि माणसासारखा बोलला, "तांडेला, हा शाप तुझ्या हातचा. राजाचे दिवे विझव. त्या आईच्या पाठीतला भाला काढ. तिचं वासरू तिला परत दे. उद्याच्या भरतीपर्यंत झालं नाही, तर मुलं गेली."

"मेलेलं वासरू कुठून देऊ?"

पक्षी उडून गेला.

धाकू दरबारात गेला. राजा म्हणाला, "दिवे विझले तर राज्य अंधारात जाईल."

"महाराज, युवराजांच्या उशाशी दिवा आहे. उजेड आहे का?"

राजानं पहिला दिवा स्वतःच्या हातानं विझवला.

दुसऱ्या दिवशी धाकूनं लेकीला पाळण्यासकट होडीत घेतलं. तिला मागं ठेवायला त्याचं मन धजेना. खोल पाण्यात ती आई वर आली. भाला मांसात रुतून बसला होता. ओढताना धाकूच्या तळहाताची सालटी निघाली, पाणी लाल झालं. शेपटीच्या एका फटक्यात तिला होडी उलटवता आली असती. तिनं ती उलटवली नाही.

"आता माझं वासरू," ती म्हणाली.

"आई, त्याचं मांस पंगतीला गेलं. चरबी दिव्यांत गेली. माझ्यापाशी काही नाही. माझा जीव घे."

तिनं होडीपाशी तोंड आणलं आणि पाळणा हुंगला. मग पुन्हा हुंगला.

ज्यात लेकीला जोजवलं, ते काय होतं हे धाकूला आज दिसलं. त्यानं पोवळीला छातीशी धरलं आणि पाळणा पाण्यात सोडला. तो बुडायच्या आत आईनं तो पाठीवर झेलला.

पोवळी रडली. काठावर घरोघरी मुलं रडू लागली. राजानं राज्यातले सगळे भाले वितळवले, शिकारीच्या होड्या फोडल्या. पुन्हा तिथं कोणी देवमासा मारला नाही. धाकूनं लेकीसाठी फणसाच्या लाकडाचा पाळणा केला.

ती आई मात्र बरगड्या पाठीवर घेऊन अजून फिरते. दमली तरी खाली ठेवत नाही. ही कहाणी राज्याला सुफळ झाली. संपूर्ण होईल ती तिनं वासरू खाली ठेवल्यावर.