तांबडं पुट

एका राज्यात गारगोट्यांना सिंहासनं होती. माणसाला बसायला घोंगडी मिळो न मिळो, गारगोटीखाली मखमल हवीच! राजा मणिसेनाला स्फटिकांचा नाद. सुटा खडा त्याला चालत नसे. एकाच दगडातून दहा-वीस टोकं एकत्र उगवलेला अख्खा घोस हवा, आणि त्यात एकाही टोकाचा टवका उडालेला नको. टवका दिसला की राजाचं तोंड कडू होई आणि तो घोस परसात भिरकावला जाई. हौसेला मोल नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्या राजाला दोन मुलं. थोरला सुकेतू, धाकटी मेखला. बापाची मर्जी राखायला सुकेतू काळ्या डोंगरावर गेला आणि तिथल्या पोकळीत हात घालून एक घोस काढून आला. घोस असा, की दोन ओंजळींत मावेना. टोकांवर एका अंगानं गेरूसारखं तांबडं पुट चढलेलं. राजा हरखला. म्हणाला, "पौर्णिमेला सात राजे येत आहेत. तोवर हा लख्ख झाला पाहिजे. मेखले, तुझी बोटं बारीक. हे काम तुझं."

राजा बोले, दळ हाले. मग लेक कशी नाही म्हणेल? मेखला रोज घोस चिंचेच्या पाण्यात भिजवी, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं एकेक टोक घाशी. पुट सुटे, आतून पाण्यासारखं टोक निघे. तिलाही त्यात मौज वाटू लागली. पण इकडे सुकेतूला अन्न गोड लागेना. आधी ओठ पांढरे पडले, मग नखं. वैद्य आले, काढे झाले, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. उतार म्हणून पडेना.

एके दुपारी मेखलेनं सगळ्यांत मोठं टोक धुतलं आणि ती दादाला पाहायला गेली. पाहते तो काय, त्याच्या गालांवरचा उरलासुरला रंगही गेलेला! ती धावत परत आली. परातीतलं पाणी लालभडक दिसत होतं.

"अगं बाई, मी काय धुतेय हे?" ती ओरडली.

खिडकीबाहेर कुंपणावर भारद्वाज बसला होता. तो बोलला, "राजकन्ये, तो डोंगर काही फुकट देत नाही. जो घोस काढतो, त्याचं रक्त डोंगर घोसावरच्या पुटात बांधून ठेवतो. पुट आहे तोवर माणूस आहे."

"उपाय सांग, पक्षिराज."

"गोष्टी तीन. घोस राजानं आपल्या हातानं द्यावा, चोरलेला घोस डोंगर घेत नाही. वाटेत मांत्रिक भस्मकेश आडवा येईल, तिथे आपला घोस आपण ओळखावा. आणि पोकळीत तो होता तसाच ठेवावा, वरची बाजू वर. उलटा बसला, तर भाऊ गेला म्हणून समज."

"वरची बाजू कोणती?"

"ते पुटच सांगत होतं. छतातून ठिबकणारं तांबडं पाणी वरच्या अंगावरच बसतं. ते तर तू धुऊन टाकलंस."

एवढं बोलून भारद्वाज उडाला. मेखलेनं घोस फिरवून फिरवून पाहिला. दोन टोकांच्या मधल्या खोल फटीत, जिथे कुंचला पोचला नव्हता, तिथे एका भिंतीला डाळिंबाच्या दाण्याएवढं तांबडं अजून चिकटलेलं होतं. तिला रडूच फुटलं. दादा तेवढाच उरला होता.

नेमका तेव्हाच राजा आत आला. "हा डाग कसा राहिला?" म्हणत त्यानं सुई मागवली.

"राहू द्या, आबासाहेब. त्यात दादाचा जीव आहे."

"गारगोटीत कुणाचा जीव असतो?"

"मग सुई दादाच्या उशाशी बसून चालवा."

राजा हट्टाला पेटला. घोस मांडीवर घेऊन लेकाच्या उशाशी बसला. सुईचं टोक फटीत गेलं, दाण्याची एक बारीक खपली सुटली आणि सुकेतूचा श्वास अडकला. राजाचा हात थबकला. सुकेतूनं कष्टानं डोळे उघडले. बापाच्या मांडीवरचा घोस पाहून हसला. "आवडला ना, आबासाहेब?"

राजाच्या हातातून सुई गळाली. जन्मभर टवक्याला भ्यालेल्या त्या माणसानं घोस उचलून लेकीच्या ओटीत घातला. "जा, पोरी. टोकं मोडली तर मोडू देत. पण पोच."

मेखला निघाली. घोस पदरात बांधलेला. ठेच लागली की तिचा जीव टांगणीला लागे. दादा आहे, का गेला? सांगणार कोण! डोंगराच्या पायथ्याशी भस्मकेशानं वाट अडवली. त्यानं राखेची फुंकर मारली आणि एका घोसाचे तीन झाले. रंग तोच, फट तीच, फटीतला दाणाही तोच.

"एक तुझा. चुकलीस तर तिन्ही माझे," तो म्हणाला.

मेखलेनं डोळे मिटले. पहिल्या घोसाच्या अंगावरून नख फिरवलं. नख सरसर घसरलं, म्हणजे काच. दुसऱ्यावरही घसरलं. तिसऱ्यावर मात्र बारीक आडव्या रेघांवर अडखळत गेलं. याच रेघांवर रोज तिचा कुंचला अडखळायचा.

"हा," ती म्हणाली. भस्मकेश चरफडला, पण बोलाला बांधलेला होता. वाटेतून बाजूला झाला.

पोकळीत तिनं घोस टेकवला. दाणा छताकडे येईल असा फिरवला आणि वाट पाहत बसली. छतातून तांबडा थेंब पडला, टोकावरून घरंगळून खाली गेला. "दादा, थांब रे," पुटपुटत तिनं घोस किंचित कलता केला. पुन्हा थेंब पडला. तो सरळ फटीत उतरला, दाण्याला मिळाला आणि तिथेच राहिला. मग दुसरा, मग तिसरा. पण म्हणून तिचा जीव भांड्यात पडला असं समजू नका. घरी पोचेपर्यंत ती किती नवस बोलली, ते तिचं तिलाच ठाऊक.

वेशीवर राजा उभा होता. त्याच्या खांद्यावर हात टाकून, लटपटत का होईना, सुकेतू उभा होता. त्याची नखं गुलाबी झाली होती. मेखला तिथेच धुळीत मटकन बसली आणि पोटभर रडली.

पौर्णिमेला सात राजे आले. मधल्या मोठ्या मखमलीवर घोस नव्हता. तिथे सुकेतू बसून पेरू खात होता. त्याच्या गालावर पांढरा ठिपका होता. राजाच्या सुईनं खपली काढली होती ना, तेवढा रंग काही परत आला नव्हता.

"महाराज, हे काय मांडलंत?" राजांनी विचारलं.

"हा माझ्या संग्रहातला सगळ्यांत अस्सल," मणिसेन म्हणाला. "टवका उडालाय त्याचा. माझ्याच हातानं उडाला."

आणि त्यानं तो टवका कुणापासून लपवला नाही. डोंगराचं डोंगराला पोचलं, घरचं घरी राहिलं. आणि ही कहाणी आम्ही जिथून उचलली तिथेच परत ठेवली, वरची बाजू वर करून.