तांब्याच्या गडूतलं विरजण

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हाच्या राजघराण्यांना हत्ती-घोड्यांचा कंटाळा आला की ती मासे पाळत असत, इतकी. एका डोंगरावर एक गढी होती, गढीखाली एक गाव होतं आणि गावाच्या कडेला सगुणा नावाची एक बाई एकटी राहत होती. गढीवरच्या राणीचे मासे सांभाळणं हे तिचं काम.

हे मासे राणीच्या माहेराहून आलेले. बोटाएवढे, लाल शेपटीचे, भल्यामोठ्या काचेच्या भांड्यात मिरवणारे. दिसायला देखणे, पण खाण्याच्या बाबतीत महा नखरेल. भात टाकला तर हुंगतसुद्धा नसत. कणकेच्या गोळ्या टाकल्या तर त्या तळाशी तशाच कुजत. जे हलतं, वळवळतं, तेच खायचं असा त्यांच्या कुळाचा बाणा. सगुणाच्या आधीच्या दोन राखणदारणींना हे काही जमलं नाही. मासे उपाशी मरायला टेकले, तेव्हा राणीने त्या दोघींची बोचकी वेशीबाहेर फेकायला लावली. त्या पुढे कुठे गेल्या ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सगुणाला मात्र तिच्या सासूने एक विद्या शिकवली होती. परसात मातीचा एक मोठा रांजण होता आणि त्यात शेवाळी, हिरवं पाणी. त्या पाण्यात राईच्या दाण्याहून बारीक जीव टुणटुण उड्या मारत असत. लोक त्यांना पाणपिसवा म्हणत. कधी ताकाची निवळ, कधी वाळल्या शेणाची चिमूट, एवढ्यावर ते वाढत. सगुणा रोज सकाळी पातळ फडक्याने थोडे गाळून घ्यायची, गढीवर न्यायची, आणि मासे त्यांच्यावर तुटून पडायचे.

सासूने मरताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. "सगुणे, या जिवांना तांबं सोसत नाही. मातीत ठेव, काचेत ठेव, पण तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिले तर सकाळी एक जिवंत दिसायचा नाही. आणि दुसरं, मागेल तिला यातलं देत जा. हे विरजणच आहे. दिल्याने घरचं दही कमी होत नाही."

पहिली गोष्ट सगुणाने नीट लक्षात ठेवली. दुसरीपाशी तिचं घोडं अडलं.

कारण सगुणा भित्री होती. उंदराला, अंधाराला भिणारी नव्हे. तिला भीती होती ती वेशीची. गावातल्या प्रत्येक घरात असा रांजण झाला तर राणीला माझी काय गरज, माझंही बोचकं बाहेर जाईल, हा विचार तिला जेवतानाही सोडत नसे. कोणी चोरून नेईल म्हणून तिने दुसरा रांजण कधी भरला नाही. म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

आता झालं असं की जे गढीवर, ते गावात. राणीचे मासे बघून गावातल्या बायकांनाही हौस सुटली. कोणी ओढ्यातले चिमुकले मासे धरून आणले, कोणी बरणीत ठेवले, कोणी परातीत. ते मासेही कणीक खाईनात, तेव्हा बायका सगुणाच्या दारात येऊ लागल्या. "सगुणाबाई, तुमच्या रांजणातलं थोडं विरजण द्या की."

त्या गावात विरजण नाकारायची रीत नव्हती. भांडण असलेल्या घरीसुद्धा विरजण नाकारत नसत. नाही म्हणावं तर गावभर तोंड काळं, हो म्हणावं तर डोळ्यांपुढे वेस. शेवटी सगुणाच्या भीतीने एक युक्ती काढली.

ती आत जायची, चिंचेने लखलखीत घासलेला तांब्याचा गडू आणायची, त्यात रांजणातलं पाणी भरायची, गडूला हळदीकुंकवाचं बोट लावायची आणि म्हणायची, "हे जीव नव्या जागी बिचकतात. आजची रात्र गडूतच राहू द्या, उद्या मडक्यात ओता. गडू सावकाश परत करा."

बायका भारावून जायच्या. साधं पाणी मागितलं तर तांब्याच्या गडूतून दिलं, केवढं मोठं मन! सकाळी बघावं तर सगळे जीव तळाशी, निपचित. मग त्या बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत गडू परत आणायच्या आणि पुन्हा मागायला लाजायच्या.

सुताराची सून तेवढी चिकाटीची. ती पुन्हा आली, पुन्हा घेऊन गेली, आणि दरवेळी जीव मेले. तिच्या सासूने मग गावभर करून टाकलं की सून जळक्या हाताची आहे. तिला दह्याला विरजण लावू देईनात, बियाण्याला हात लावू देईनात. एकदा ती सगुणापाशी येऊन रडली. "सगुणाबाई, माझ्या हातालाच यश नाही का हो?"

सगुणाने खाली बघत म्हटलं, "असतं एकेकीचं नशीब."

हे बोलताना तिची जीभ अडखळली, पण बोलायचं ते ती बोललीच. त्या दिवशी तिला घास गेला नाही.

पुढे राणीच्या माशांनी अंडी घातली आणि काचेच्या भांड्यात टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं पोहू लागली. राणीला आनंद मावेना. तिने सगळ्या गावाला गढीवर बोलावलं, सगुणाला समोर उभं केलं आणि झाकायला टाकलेलं एक वस्त्र दूर सारलं. खाली तांब्याचा नवाकोरा, कमरेएवढा हंडा झळकत होता.

राणी म्हणाली, "सगुणा, तू गावाला तांब्याच्या गडूतून विरजण देतेस असं मी ऐकलं. मग तुझ्या रांजणाने का मातीत राहावं? आजपासून हे पाणी या हंड्यात, इथे गढीवर राहील. पिल्लं मोठी होईपर्यंत यातला थेंब बाहेर जायचा नाही. शिपाई पहारा देतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तांबं नको म्हणावं, तर इतकी वर्षं ज्यांना ज्यांना तांब्यातून दिलं त्या सगळ्या समोर उभ्या होत्या. गप्प बसावं, तर सकाळी सगळे जीव मरणार, मागोमाग पिल्लं मरणार आणि मग वेस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला दरदरून घाम फुटला. लोकांना वाटलं, बाई आनंदाने घामाघूम झाली.

ती गप्प बसली.

शिपायांनी तिचा रांजण गढीवर आणला. बायकांनी हातोहात पाणी हंड्यात ओतलं. त्यात सुताराची सूनही होती, लांबून बघणारी. कोणीतरी तिच्या हाती तपेली दिली आणि तिनेही एक तपेली ओतली. रिकामा रांजण शिपायांनी फोडून टाकला. नवं आल्यावर जुनं कशाला?

दुसऱ्या दिवशी सगुणा गढीवर पोचली, तेव्हा हंड्यातलं पाणी निश्चल होतं. एकही टुणटुण नाही. तळाशी पांढुरका थर बसलेला. काचेच्या भांड्यात पिल्लं तोंड उघडून, मिटून काहीतरी शोधत होती. काही तर आडवी झाली होती.

"ऊन बाधलं असेल," सगुणा पहारेकऱ्याला कसंबसं म्हणाली आणि धावतच गावात उतरली. कोणाच्या तरी घरी, एखाद्या तरी मडक्यात चार जीव असतील. एवढ्या जणींना दिलं होतं, एखादीने तरी तिचं ऐकलं नसेल!

तिने एकेक दार ठोठावलं. तेलिणीच्या घरी नव्हते, शिंपिणीच्या घरी नव्हते. "तुम्ही एवढ्या मनाने दिलंत सगुणाबाई," प्रत्येकजण म्हणायची, "आमच्याच हातून गेलं बघा." कोणी तिला पाणी दिलं, कोणी पाटावर बसवलं. ती माया तिला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. आपण घरोघर मरणच वाटलं होतं, आणि आता तेच मागत हिंडतोय, हे तिला पुरतं कळलं.

शेवटचं घर ओढ्यापलीकडे कुंभारणीचं. सगुणा तिथे पोचली ती जवळजवळ कोसळलीच. "तुझ्याकडे... मी दिलेले जीव... आहेत का गं?"

कुंभारीण घाबरली. तिने परसातल्या एका मडक्यावरचं झाकण काढलं. हिरव्या पाण्यात पाणपिसवा नुसत्या नाचत होत्या.

"रागावू नगा बाई," कुंभारीण म्हणाली. "तुमी रातभर गडूतच ठिवा म्हनला हुता. पर गडू तांब्याचा, मोलाचा. आमच्या खोपटाला कडी न्हाई. कुनी उचलला तर मी भरून कुठनं देऊ? भ्या वाटलं, म्हनून दिवे लागायच्या आत मडक्यात वतलं आन् गडू गुपचूप तुमच्या वसरीवर ठिवला. तुमचं ऐकलं न्हाई म्हनून पुन्हा कुनाला बोलले न्हाई."

भीती हिलाही वाटली होती. पण हिची भीती दुसऱ्याच्या वस्तूसाठी होती. सगुणा त्या मडक्याकडे बघत राहिली.

कुंभारणीने न मागता अर्धं पाणी दुसऱ्या मडक्यात काढून दिलं. ते छातीशी धरून सगुणा गढी चढू लागली, तोच वरून गलका ऐकू आला.

अंगणात गाव जमलं होतं. मधोमध सुताराची सून उभी होती आणि तिची सासू ओरडत होती, "मी सांगत होते, हिचा हात जळका! हिने तपेली ओतली आणि हंडाच्या हंडा मेला!"

राणीचा चेहरा लाल झाला होता. "हिचं बोचकं वेशीबाहेर टाका," ती म्हणाली.

सगुणा दारातच थबकली. तिच्या भीतीने तिच्या कानाशी तोंड आणलं. आता काहीच करू नकोस. जीव तुझ्या मडक्यात आहेत. राणीला सांग, जळका हात लागलेला हंडा नको, मी आपली मातीतच ठेवते. कोणी विचारणार नाही. सगळं तुझ्या मनासारखं झालंय, फक्त गप्प राहा.

शिपायाने सुनेचा दंड धरला. सून फक्त स्वतःचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत होती, जणू त्यात खरंच काही लागलंय.

सगुणाने मडकं घट्ट धरलं. ती पुढे झाली.

"सोडा तिला. सरकार, तिच्या हाताला काही झालेलं नाही. या जिवांना तांबं बाधतं. मला ठाऊक होतं. सासूने सांगितलं होतं. म्हणूनच मी सगळ्यांना तांब्याच्या गडूतून देत होते. जगू नयेत म्हणून."



"का?" राणीने विचारलं.

"भ्याले, सरकार. सगळ्यांना जमलं तर तुम्ही मला ठेवणार नाही, या भीतीने."

मडक्यातले जीव आधी पिल्लांना घालण्यात आले. निम्मी पिल्लं वाचली. निम्मी नाही वाचली, आणि सगुणाला ती आपल्या हाताने बाहेर काढावी लागली.

मग राणी सुताराच्या सुनेकडे वळली. "दोष तुझ्यावर आला होता, तेव्हा शिक्षा तू सांग. हिला वेशीबाहेर घालवू?"

सुनेने एकदा आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मग माझा हात जळका नाही, हे घरोघर कोण सांगणार? तिने जाऊ नये. तिने प्रत्येक दारात जाऊन सांगावं."

तसंच झालं. राखणदारीचं काम राणीने काढून कुंभारणीला दिलं. ज्याला सगुणा जन्मभर भ्याली, ते अखेर घडलंच. तिने कुंभारणीकडून लहान लहान मडकी घेतली, त्यांत विरजण भरलं आणि ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिला तेच म्हणावं लागलं, "तुमच्या हाताला यश होतं. खोट माझ्या गडूत होती." काही जणींनी मडकं घेतलं, काही जणींनी तोंडावर दार लावलं. दोन्ही तिने सोसलं.

सगळ्यांत शेवटी ती सुताराच्या घरी गेली. दारात सासू उभी होती. सगुणा म्हणाली, "जळका हात तुमच्या सुनेचा नव्हता, आजी. माझा होता."

सासूने तिला ना बस म्हटलं ना जा म्हटलं. ती आत वळली, चुलीवरचं कोमट दूध उतरवलं, विरजणाची वाटी उचलली आणि सुनेपुढे धरली. "आज तू लाव," ती म्हणाली.

पुढे एका कडक उन्हाळ्यात सगुणाच्या परसातल्या मडक्यातलं पाणी खरोखरच आटलं आणि जीव मेले. पण ती घाबरली नाही. तिने मातीचं एक बोळकं उचललं, सुताराच्या दारात गेली आणि म्हणाली, "थोडं विरजण देतेस का गं?" सुनेने आपल्या हाताने काठोकाठ भरून दिलं.

तात्पर्य: विद्या विरजणासारखी असते; मारून वाटली तर आपल्याही घरी उरत नाही. आणि भीतीपोटी केलेली चूक दुसऱ्याच्या हातावर लोटण्यापेक्षा आपल्या तोंडाने कबूल करावी, मग कोणत्याही वेशीची भीती उरत नाही.