खिडकीतलं टमरेल

ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बेलसावळीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, पण काठावर उंच ओट्याचं प्रभूचं देऊळ होतं, ते आजही आहे. मंडळी लुथरन. उपासना वेळेवर, गाणी सुरात, बाकं पुसलेली. परक्या माणसानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय गुणाची माणसं! पण देवळाच्या उत्तरेला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीखाली, बाहेर ओट्यावर, वेगळीच मंडळी बसायची.

ती नदीपलीकडच्या महारोग्यांच्या वस्तीतली. रोगी तरी कशी म्हणायची? औषध घेऊन बरी झालेली, डॉक्टरच्या सहीचा दाखला पदराला बांधून फिरणारी माणसं ती. कुणाची बोटं झडलेली, कुणाचं नाक बसलेलं, पण रोग केव्हाच गेलेला. तरी त्यांनी दारातून आत यायचं नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी आतली माणसं वेदीपुढं गुडघे टेकून एकाच चांदीच्या प्याल्यातून द्राक्षरस घ्यायची, आणि यांच्यासाठी तारेच्या आकड्याला अडकवून टिनाचं टमरेल खिडकीतून खाली सोडायचे. हो, टमरेल! शब्द ऐकून नाक मुरडू नका. देताना कुणी मुरडलं नव्हतं.

अशा गावात हनोख गेडाम नावाचा पाळक आला. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता, म्हणजे मंडळीचं नवं वर्ष सुरू होतं तो दिवस. बेलसावळीची रीत अशी, की नव्या पाळकाला एक वर्ष पाहायचं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून आपलं साल सांगायचं, आणि मग पंचांनी ठरवायचं, ठेवायचा की पाठवायचा.

हनोख धिप्पाड माणूस, आवाज नदीपार जाईल असा. पण नवा होता. मुख्य पंच दावीदरावांनी त्याच्या हातात तार दिली आणि म्हणाले, "आपल्याकडे अशीच पद्धत आहे, पाळकसाहेब."

आणि हनोखनं काय केलं? मुकाट्यानं टमरेल खाली सोडलं. यात लपवण्यासारखं काही नाही. त्यानं स्वतः कधी लपवलं नाही.

खाली पहिली होती राहेलबाई. म्हातारी, हातांना बोटं नाहीत, दोन तळव्यांत धरून प्यायची. त्या दिवशी ती प्याली नाही. वर बघून तिनं विचारलं, "पाळकसाहेब, तुमी कधी पेलं का जी याच्यातून?"

हनोखनं टमरेल वर ओढलं आणि तोंडाला लावलं. द्राक्षरसाला गंजाची चव होती. असं म्हणतात, की ती चव वर्षभर त्याच्या जिभेवरून गेली नाही. नाताळच्या करंजीला गंज, हंगामाच्या सणाच्या नव्या भाताला गंज. पाणी प्यायला तरी गंजच.

त्यानं पंचांची बैठक बोलावली. पंच आले, चहा प्याले, बिस्किटं खाल्ली. एक म्हणाला, दाखला डॉक्टरचा आहे, मंडळीचा नाही. दुसरा म्हणाला, त्यांची काही तक्रार आहे का? तिसरा म्हणाला, पुढच्या बैठकीत बघू. पुढच्या बैठकीतही हेच, तिच्या पुढच्या बैठकीतही हेच. एक भाकर, एक प्याला, हे या लोकांना लहानपणापासून तोंडपाठ! तोंडातून खाली मात्र एक वीतभरही उतरलेलं नव्हतं. बाहेरची माणसं भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन बसायची, आणि आत शेजारधर्मावर प्रवचन चालायचं. ती प्रवचनं देताना हनोखला स्वतःची लाज वाटायची.

दिवाळीच्या सुमारास राहेलबाईनं अंथरूण धरलं. हनोख होडीनं वस्तीत गेला, तेव्हा ती म्हणाली, "मले येक डाव आत बसून घ्याचं हाये जी. मंग प्रभूनं नेलं तं नेलं."

वर्षाचा शेवटचा रविवार आला. वस्तीतल्या लोकांनी राहेलबाईला बाजेवर घालून आणलं. हनोख साल सांगायला उभा राहिला.

"या सालात मी अकरा बाप्तिस्मे केले, सात लग्नं लावली, नऊ जणांना माती दिली," तो म्हणाला. "आणि दर रविवारी तुम्हाला प्रीतीबद्दल सांगितलं. एक शब्द तुमच्या काळजाला लागला नाही. लागणार कसा? पहिल्याच रविवारी मीच ती तार धरली. आज राहेलबाई आत येतील."

दावीदराव उठले. पाचही पंच दारात जाऊन उभे राहिले, हात पसरून. प्रभूच्या दारात, प्रभूच्या लेकरांना अडवायला! आजही सांगताना अंगाचा तिळपापड होतो.

हनोख वेदीकडे वळला. वेदी अस्सल सागवानाची, आत ठेवताना आठ गडी लागले होते. असं म्हणतात, की हनोखनं ती एकट्यानं उचलली, प्याल्यासकट, आणि थेंब न सांडता दाराकडे निघाला. पंच बाजूला झाले. न होऊन सांगतात कोणाला! त्यानं वेदी ओट्यावर, राहेलबाईच्या बाजेसमोर ठेवली.

राहेलबाईनं विचारलं, "हे आत म्हणाचं का बाहीर, जी?"

"वेदी जिथं, तिथं आत," हनोख म्हणाला, आणि चांदीचा प्याला त्यानं तिच्या ओठांना लावला.

मग वस्तीतले सगळे त्यातूनच प्यायले. मग हनोख दाराकडे तोंड करून, प्याला पुढं धरून उभा राहिला. आत कुणी हलेना. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी त्याचा हात खाली येईना. असं म्हणतात, की तोवर प्यालाही रिकामा होईना. आधी दावीदरावांची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली. तिच्यामागून बाया आल्या, मग पुरुष. दावीदराव सगळ्यांत शेवटी आले. गुडघे टेकायला राहेलबाईच्या बाजेजवळच जागा उरली होती. तिथंच टेकले.

राहेलबाई चौथ्या दिवशी गेली. तिची शवपेटी देवळातून निघाली, मधल्या वाटेनं.

आणि पंचांनी काय ठरवलं असेल? पाठवायचा! त्याच प्याल्यातून प्याले आणि त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं. हनोख वाद घालत बसला नाही. झोळी घेऊन नदीत उतरला. त्याचे पाय भिजले नाहीत, असं म्हणतात. पलीकडे तो कुठं गेला, हे कुणालाच ठाऊक नाही.

वेदी पुन्हा आत नेली ती वस्तीतल्या आणि गावातल्या माणसांनी मिळून. खिडकी मात्र बुजवली नाही, टमरेलही फेकलं नाही.

आज बेलसावळीत नवा पाळक आला, की पहिल्या रविवारी देवळाचं दार लावलेलं असतं. त्यानं खिडकीखाली ओट्यावर बसायचं. आतून तारेला लावलेलं ते गंजकं टमरेल खाली येतं, त्यात नदीचं पाणी असतं. तार धरून आत उभी असते वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. ती वरून विचारते, "पाळकसाहेब, तुमी कधी पेलं का जी याच्यातून?"

तो प्यायला, की मगच ती दार उघडायला सांगते.